स्टीव्ह यंगच्या पदवीची खरी गोष्ट

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मुलगी जिथे कबड्डी खेळते तिथल्या पालकांच्या ग्रुपवर आणि चक्क वकिलांच्या एका ग्रुपवरही सध्या एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा:

अमेरिकन फुटबॉलमधला स्टीव्ह यंग हा क्वार्टरबॅक (चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा खेळाडू) दिवसा सराव करायचा आणि रात्री कायद्याची पुस्तकं वाचायचा. संघानं त्याला चार वर्षं बेंचवर बसवलं, पण तो रडत बसला नाही. तेवढ्या वेळात कायद्याची पदवी घेऊन तो नामांकित वकील झाला. क्वार्टरबॅकचं डोकं आणि वकिलाचं डोकं एकच असतं, म्हणूनच बायरन व्हाइट हा दुसरा क्वार्टरबॅक मैदानावरून थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेतली कॉलेजं खेळाडूला शिकवल्याशिवाय सोडत नाहीत. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: ‘खेळामुळे अभ्यासाला वेळ मिळत नाही’ ही सबब तुमच्या मुलांकडून ऐकून घेऊ नका.

मी वकिली करते. भाऊ कॅलिफोर्नियात असल्यामुळे फॉर्टीनाइनर्स या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे सामने बघायची सवय लागली आणि यंग माझा आवडता खेळाडू झाला. त्याचं नाव घेऊन शाळकरी मुलांना धारेवर धरलेलं मला बघवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

‘दिवसा सराव, रात्री अभ्यास’

यंगनं कायद्याची पदवी घेतली, हे शंभर टक्के खरं. १९९४ साली, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधून. हे विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे त्यांचाच तो वंशज. पण ते आहे युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात आणि यंग खेळत होता सॅन फ्रान्सिस्कोकडून. दोन्हींमध्ये रस्त्यानं हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. सकाळी सराव आणि रात्री लेक्चर हे त्याला कसं जमणार होतं?

त्यानं केलं ते असं. व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम तेव्हा सप्टेंबरात सुरू व्हायचा आणि डिसेंबर-जानेवारीत संपायचा. तो संपला की यंग प्रोव्होला जायचा आणि इतर मुलांसारखा वर्गात बसायचा. उन्हाळा सरता सरता संघाचं शिबिर लागलं की परत मैदान. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं असा तुकड्यातुकड्यानं, कितीतरी ऑफ-सीझन खर्चून पुरा केला. त्यातही ओढाताण होतीच. त्या विद्यापीठाचं हिवाळी सत्र जानेवारीच्या सुरुवातीला लागतं आणि फॉर्टीनाइनर्स हा तेव्हा जानेवारीतही खेळत राहणारा संघ होता. १९८९ आणि १९९० या दोन्ही वर्षी ते जानेवारीच्या अखेरीस सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळले आणि जिंकले.

बेंचवर बसण्याचा भागही अर्धाच खरा आहे. १९८७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोला आला तेव्हा संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता जो मोंटाना, त्यामुळे चार हंगाम यंग राखीव राहिला हे बरोबर. पण १९९१ साली मोंटानाच्या कोपराच्या दुखापतीमुळे जागा त्याच्याकडे आली आणि १९९२ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पदवी मिळाली १९९४ साली. म्हणजे शेवटशेवटची सत्रं त्यानं दिली तेव्हा तो राखीव नव्हता, देशातला पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. पदवीनंतरच्याच हंगामात तो पुन्हा सर्वोत्तम ठरला, आणि २९ जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्यानं सहा टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात असे) टाकून विक्रम केला. सॅन डिएगोविरुद्ध ४९-२६. मजकूर लिहिणाऱ्यानं नुसत्या तारखा बघितल्या असत्या तरी त्याला याहून मोठी गोष्ट हाती लागली असती.

‘नामांकित वकील झाला’

झाला नाही. यंगकडे पदवी आहे, पण वकिलीच्या व्यवसायात तो कधी उतरला नाही. २७ सप्टेंबर १९९९ ला ॲरिझोनाविरुद्धच्या सामन्यात डोक्याला जबर मार बसून तो मैदानावर निपचित पडला. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही आणि २००० साली निवृत्त झाला. पुढे टीव्हीवर समालोचन, विश्लेषण आणि गुंतवणूक कंपनी, असा त्याचा रस्ता राहिला. २००५ साली त्याचं नाव फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या यादीत, गेलं, ते खेळाडू म्हणून.

आमच्या व्यवसायात पदवी आणि सनद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी घेतलेले पुष्कळ असतात. सनद घेऊन पक्षकाराचं वकीलपत्र दाखल करणारे, तारखांना उभे राहणारे, उलटतपासणीत घाम गाळणारे वेगळे. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत लॉ स्कूलनंतर त्या त्या राज्याची बार परीक्षा द्यावी लागते, आणि राज्याचा परवाना मिळाल्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. यंगनं वकिली केली नाही म्हणून त्याच्या पदवीची किंमत कमी होत नाही. पण त्याला ‘नामांकित वकील’ म्हणणं हे धडधडीत चूक आहे, आणि वकिलांच्या ग्रुपवर तरी ती कुणाच्या लक्षात यायला हवी होती.

क्वार्टरबॅकनं खरोखर वकिली केल्याचं उदाहरण हवं असेल तर पॅट हेडन आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूएससीचा क्वार्टरबॅक. उंची सहा फुटांच्या आत, त्यामुळे व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सातव्या फेरीपर्यंत हात लावला नाही. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, लॉस एंजेलिस रॅम्सकडून १९७६ ते १९८१ खेळला आणि १९८२ साली लॉयोला लॉ स्कूलमधून कायद्याची पदवी घेतली. काही वर्षं वकिली केल्यावर तोही १९८७ साली गुंतवणुकीच्या धंद्यात गेला. पुढे २०१० ते २०१६ तो यूएससीच्याच क्रीडा विभागाचा प्रमुख होता.

‘क्वार्टरबॅकचं डोकं म्हणजे वकिलाचं डोकं’

या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्या मजकुराचा डोलारा यावर उभा आहे.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी: क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावात सुरुवातीला ज्याच्या हातात चेंडू येतो तो खेळाडू. तो पुढच्या दोन-तीन सेकंदांत ठरवतो, की चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, की स्वतः घेऊन पळायचं. झटपट निर्णय, समोरच्याची चाल ओळखणं हे सगळं त्यात आहे, कबूल. पण कोर्टातलं काम झटपट निर्णयांचं फार थोडं असतं. निकालपत्रं वाचणं, कागद लावणं, टिपणं काढणं, एकाच कलमावर दोन दिवस बसणं, यात नव्वद टक्के वेळ जातो.

आता बायरन व्हाइट. तो मुळात क्वार्टरबॅक नव्हताच. १९३० च्या दशकात बहुतेक कॉलेज संघ ‘सिंगल विंग’ नावाची रचना वापरत. त्यात चेंडू थेट टेलबॅककडे यायचा. पळायचं त्यानं, फेकायचं त्यानं, लाथ मारून लांब धाडायचा तोही त्यानंच. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू बहुतांशी समोरच्यांना अडवायचं काम करायचा. व्हाइट टेलबॅकला खेळायचा. कोलोरॅडो विद्यापीठाकडून १९३७ चा हंगाम त्यानं असा गाजवला, की कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो दुसरा आला. १९३८ साली पिट्सबर्गनं त्याला १५,८०० डॉलर देऊन घेतलं, तेव्हाचा लीगमधला सर्वांत मोठा करार. त्या हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर तोच धावला, ५६७ यार्ड. १९४० साली डेट्रॉइटकडून पुन्हा तोच पहिला.

आणि ‘थेट’ सर्वोच्च न्यायालय? पिट्सबर्गचा हंगाम १९३८ चा, न्यायाधीशपद १९६२ चं. मधल्या चोवीस वर्षांत ऑक्सफर्ड, येल लॉ स्कूल, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात पॅसिफिकमधली नोकरी, १९४६ साली येलची पदवी, सरन्यायाधीश व्हिन्सन यांच्या हाताखाली क्लार्क (न्यायाधीशांना मदत करणारा तरुण वकील) म्हणून काम, मग डेन्व्हरमध्ये चौदा वर्षं वकिली. केनेडींची ओळख इंग्लंडमधल्या दिवसांपासूनची. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्यासाठी काम, १९६१ साली उप-महान्यायवादी, आणि त्यानंतर नेमणूक. १९९३ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, व्हाइट त्या खुर्चीवर होते. डेन्व्हरमधली ती चौदा वर्षं या मजकुरात कुठेच नाहीत. माझ्या मते एखाद्याला वकील म्हणून घडवणारी तीच असतात.

क्वार्टरबॅकच्या डोक्याचा सिद्धांत आणखी एका ठिकाणी तपासून बघता येतो. १ जानेवारी १९७५, पासाडिना, रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना. ओहायो स्टेट १७, यूएससी १०, जेमतेम दोन मिनिटं उरलेली. हेडननं अडतीस यार्डांवरून चेंडू फेकला आणि कोपऱ्यात जे. के. मकेनं तो झेलला. हा मके म्हणजे यूएससीच्या प्रशिक्षकाचा मुलगा आणि हेडनचा शाळेपासूनचा मित्र. हेडनच्या वडिलांची बदली झाली तेव्हा हेडन शाळेचं शेवटचं वर्ष मकेंच्या घरी राहिला होता. एक गुणाची जादा किक मारून बरोबरी साधता आली असती. प्रशिक्षकांनी दोन गुणांचा डाव घेतला, हेडननं पुन्हा फेकला, शेल्टन डिग्जनं झेलला, १८-१७. विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळाला. तर या जोडीतला फेकणारा पुढे वकील झाला, तसाच झेलणाराही झाला. जे. के. मकेनंही वकिली केली. मग क्वार्टरबॅकच्या डोक्याचं काय?

आणि ॲलन पेज तर बचावफळीतला धिप्पाड गडी. मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळताना १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळालेला तो पहिला बचावपटू. १९७८ साली त्यानं मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, खेळत असतानाच वकिलीला सुरुवात केली आणि १९९३ ते २०१५ तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. मैदान ते न्यायासन हा प्रवास मुलांना सांगायचाच असेल तर मी पेजचा सांगेन. पण मजकुराला चमकदार जागेचा खेळाडू हवा होता.

‘अमेरिकेतली कॉलेजं खेळाडूला शिकवल्याशिवाय सोडत नाहीत’

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण याची उलटी बाजू सरकारी आणि न्यायालयीन कागदांत भरलेली आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१४ साली आला. एका विभागात अठरा वर्षं असे ‘वर्ग’ चालू होते ज्यांत शिकवणं नव्हतंच. एक निबंध द्यायचा, तो कार्यालयातल्या कर्मचाऱ्यानं तपासायचा, गुण भरघोस. ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू होते. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनं २०१७ साली हात वर केले: हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, सबब आमच्या नियमांत बसत नाही. हातात पदवी आणि डोक्यात काही नाही अशा अवस्थेत बाहेर पडलेल्या त्या मुलांना लॉ स्कूलचा कसला उपयोग?

दुसरा कागद थेट आपल्या विषयाचा आहे. कॉलेज खेळाडूंना विद्यापीठानं काय द्यावं यावर एनसीएएनं मर्यादा घातल्या होत्या, आणि त्यांत पुढच्या शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीवरचं बंधनही होतं. एखाद्या विद्यापीठाला आपल्या खेळाडूला ‘खेळून झाल्यावर तुझ्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च आम्ही करू’ असं वचन देऊन बोलवायचं असेल, तर नियम आडवे यायचे. २०२१ च्या जूनमध्ये, ऑल्स्टन खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ९-० अशा एकमतानं शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या या मर्यादा बेकायदा ठरवल्या. म्हणजे लॉ स्कूलचा रस्ता सोपा करणं तर दूरच, या खटल्यापर्यंत नियम त्यात अडथळा होते, आणि तो काढायला खेळाडूंना कोर्टात जावं लागलं.

हे निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती गॉर्सच यांनी. तरुणपणी ते बायरन व्हाइट यांचे क्लार्क होते. आणि व्हाइट? १९८४ साली एनसीएएविरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठाचा खटला आला होता. कुठल्या संघाचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ठरवायची, ते न्यायालयानं ७-२ नं रद्द केलं. व्हाइट त्या दोघांतले एक. त्यांचं म्हणणं असं होतं, की कॉलेजचा खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ धंद्याच्या मापानं मोजणं चूक. मला त्यांचं मत कायद्याच्या अंगानं पूर्ण पटत नाही, कारण ‘शिक्षणाचा भाग’ हे शब्द पुढे चालवून संस्थांनी खेळाडूंचेच हक्क दाबले. पण टीव्हीचा पैसा शिरल्यावर अभ्यास मागे पडणार, ही त्यांची भीती खोटी ठरली असं म्हणायची माझी हिंमत नाही. जो माणूस दोन्ही जगांत शिखरावर पोहोचला त्यालाच ही काळजी वाटत होती. त्याच माणसाचं नाव वापरून ‘अमेरिकेत सगळं आलबेल आहे’ असं सांगितलं जातंय.

‘वेळ नाही ही सबब आहे’

यंग, हेडन, व्हाइट यांनी कष्ट उपसले यात वाद नाही. पण व्हाइट आणि यंग यांना कुणीतरी वेळ दिला होता. व्हाइटला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ऑक्सफर्डनं त्याला १९३९ च्या जानेवारीपर्यंत उशिरा यायची मुभा दिली, म्हणून तो १९३८ चा हंगाम खेळून पैसे कमवू शकला. यंगला विद्यापीठानं वर्षातलं एक सत्र येऊन शिकू दिलं. आजही अमेरिकन बार असोसिएशनचा नियम कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करायला चौऱ्याऐंशी महिने देतो, म्हणजे तीन वर्षांच्या शिक्षणाला सात वर्षं. शिवाय यंगला पैशाची विवंचना नव्हती. १९८४ साली लॉस एंजेलिस एक्स्प्रेस या त्याच्या पहिल्या व्यावसायिक संघानं त्याच्याशी चार कोटी डॉलरचा करार केला होता. त्यातला बराच भाग पुढच्या कित्येक दशकांत हप्त्यानं मिळायचा असला, तरी फीसाठी त्याला कर्ज काढावं लागणार नव्हतं. वडील त्याच विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेले आणि पेशानं वकील. कायदा शिकायचा म्हणजे काय, हे त्यानं घरातच बघितलं होतं.

आता आपल्याकडे बघा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी कायद्याच्या विद्यार्थ्याला प्रत्येक विषयात सत्तर टक्के हजेरी सक्तीची केली. माझ्या वर्गात एक मुलगी राज्य संघाकडून कबड्डी खेळायची. शिबिर लागलं की तीन-तीन आठवडे गायब. सत्र संपताना कॉलेजच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली आणि तिचं नाव वरच होतं. क्रीडा संघटनेचं पत्र, शिबिराचा दाखला, सामन्यांचं वेळापत्रक असं सगळं जोडून तिनं अर्ज केला. कार्यालयातून उत्तर आलं, की क्रीडा सवलतीचे गुण दहावी-बारावीला असतात, इथे हजेरीच लागते. खिडकीसमोर ती फाइल छातीशी धरून उभी होती आणि मागे रांग वाढत होती. त्या वर्षी तिनं राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिराला नाही म्हणून कळवलं. पदवी मिळाली, आज ती चांगली वकिली करते. कबड्डी सुटली ती सुटलीच. तिच्यात जिद्द कमी होती असं मला कुणी सांगावं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या पालकांना माझं सांगणं एवढंच आहे. मुलगा-मुलगी खेळत असेल आणि पुढे कायदा शिकवायचा असेल, तर प्रवेश घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारा: शिबिर आणि स्पर्धांचे दिवस हजेरीत धरणार का, बुडालेल्या अंतर्गत परीक्षा पुन्हा घेणार का, एखादं सत्र थांबून पुढच्या वर्षी देता येईल का. क्रीडा प्रबोधिनीलाही विचारा, की परीक्षेच्या महिन्यात सराव किती तास असतो.

ॲलन पेजबद्दलची एक गोष्ट तर या मजकुरात कधीच येणार नाही. व्हायकिंग्जकडे आल्यावर सुरुवातीलाच त्यानं एका लॉ स्कूलमध्ये नाव घातलं होतं आणि काही आठवड्यांतच ते सोडून दिलं. कितीतरी हंगाम खेळून झाल्यावर तो दुसऱ्या लॉ स्कूलमध्ये पुन्हा गेला, आणि १९७८ ची पदवी ही त्या दुसऱ्या खेपेची.